शेतातले रंग, ताटातले रंग

विद्यार्थी मित्रहो, इचोड्याच्या परिसरात पऱ्हाटीचे शेत पाहिले नाही असा तुमच्यात कोणी नसेल. पऱ्हाटीचे फूल उमलते तेव्हा पिवळसर पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. हा गुलाबी रंग ज्या द्रव्यामुळे येतो, त्याच कुळातील द्रव्ये कांद्यात, जांभळात, अंबाडीच्या लाल बोंडांत आणि चहातही असतात. या कुळाला फ्लॅव्होनॉइड्स म्हणतात. त्यांच्या नावाने आज गोळ्या आणि चूर्णेही विकली जातात. म्हणून त्यांची माहिती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

ही द्रव्ये कशासाठी?

वनस्पती ती स्वतःसाठी तयार करतात. कडक उन्हातील अतिनील किरणांपासून बचाव करणे, कीड व बुरशीला अटकाव करणे आणि रंगाने कीटकांना फुलाकडे बोलावणे, ही त्यांची कामे. कार्बनच्या १५ अणूंचा एक सांगाडा त्या सर्वांत असतो. असे सहा हजारांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. ती जीवनसत्त्वे नव्हेत, कारण ती न मिळाल्याने एखादा ठरावीक रोग होत नाही.

या विषयात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. १९३०च्या दशकात वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात प्रा. टी. आर. शेषाद्री यांनी कापसाच्या आणि अंबाडीच्या फुलांतील रंगद्रव्यांचा अभ्यास केला. पुढे ते दिल्ली विद्यापीठात गेले आणि १९६० साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

औषधी गुण किती खरे?

नेदरलँड्समधील झुटफेन गावात ६५ ते ८४ वर्षांच्या ८०५ पुरुषांची पाच वर्षे पाहणी झाली. चहा, कांदा, सफरचंद यांतून फ्लॅव्होनॉइड्स अधिक घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. हा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. मात्र अशा पाहणीतून नाते दिसते, कारण सिद्ध होत नाही. फळे-भाज्या खाणारा माणूस इतर बाबतीतही जपून राहत असेल.

२०१० साली अमेरिकेत रक्तदाब थोडा वाढलेल्या ६५ प्रौढांवर चाचणी झाली. लाल अंबाडीच्या बोंडांचा काढा रोज तीन कप, सहा आठवडे घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ७ अंकांनी उतरला. पण २०२२ साली २१,४४२ ज्येष्ठांवरील मोठ्या चाचणीचा निकाल आला. कोकोच्या फ्लॅव्होनॉइडयुक्त अर्काच्या गोळ्यांनी हृदयविकार, पक्षाघात अशा घटनांचे एकूण प्रमाण निश्चितपणे कमी झाले नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू तेवढे कमी दिसले. खाल्लेल्यातील थोडाच भाग रक्तात जातो आणि तोही लवकर बदलतो, हे लक्षात ठेवावे.

स्वयंपाकघरात

कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत ही द्रव्ये अधिक असतात, म्हणून सोलताना जाड पाकळ्या टाकू नयेत. भाजी उकडल्यावर काही भाग पाण्यात उतरतो. ते पाणी आमटीत किंवा वरणात वापरावे. पेरू सालीसकट खावा. अंबाडीची भाजी, जिला आपले तेलुगू शेजारी गोंगुरा म्हणतात, आणि हंगामातली जांभळे व बोरे ही पाकिटातल्या कुरकुरीत खाऊपेक्षा केव्हाही चांगली.

पालकांसाठी एक सूचना

चहातील हीच द्रव्ये पोटात अन्नातील लोहाला धरून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतल्यास धान्य-भाजीतील लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते. वाढत्या वयाच्या मुलींना लोहाची गरज अधिक असते आणि रक्त कमी असेल तर अभ्यासात थकवा जाणवतो. म्हणून भाकरी-चहा ही सकाळची न्याहारी बदलता आली तर जरूर बदलावी. चहा व जेवण यांत किमान एक तास जाऊ द्यावा. लोहाची गोळी चहाबरोबर न घेता पाण्याबरोबर घ्यावी. वरणभाजीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते.

शेवटी एवढेच सांगतो की, ताटात रोज दोन-तीन रंग असावेत. पण रक्तदाबाची किंवा मधुमेहाची डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणत्याही काढ्याच्या भरवशावर बंद करू नये. अन्न हे अन्न म्हणून खावे आणि औषध हे औषध म्हणून घ्यावे.