गुरुवारची वही

बसमधला तो प्रसंग मी बरेच दिवस कुणाला सांगितला नव्हता. पीएमपीच्या गर्दीत बायकांच्या सीटवर पंधराएक वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा बसलेला. दोन्ही कानांवर हात, डोळे मिटलेले, तोंडाने एकसारखा हूं-हूं आवाज. शेजारी आई, आजूबाजूला बायका उभ्या. मी म्हटलं, ‘‘अहो, एवढा घोडा झालाय, उठवा की त्याला! लाडाला काही मर्यादा?’’ ती काही बोलली नाही. पुढच्या थांब्यावर दोघं उतरून गेली. तो त्यांचा थांबा नव्हता, हे मला नंतर कळलं.

पुढे तीन महिन्यांनी, लेकीची दहावी आटोपल्यावर, मी घराजवळच्या एका विशेष शाळेत आठवड्यातून दोन दिवस मदतीला जाऊ लागले. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांची ही शाळा. पहिल्याच दिवशी वर्गात तोच मुलगा! दुपारी त्याला न्यायला आई आली. ‘‘ताई, तुम्ही त्या बसमधल्या ना?’’ एवढंच म्हणाली आणि त्याची बाटली भरून घेऊन गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याला घरात सगळे दादा म्हणतात, आपणही तेच म्हणू. दादा सातवीपर्यंत साध्या शाळेत होता. तिसापर्यंतचे पाढे पाठ, पुणे-लोणावळा लोकलची सगळी स्टेशनं ओळीने पाठ. पण बाक बदलला की किंचाळायचा, स्वतःच्या मनगटाला चावायचा. वर्गात पंचावन्न मुलं. बाई वाईट नव्हत्या, हे त्याची आईच सांगते. त्यांना दोन हात आणि पस्तीस मिनिटांचा तास, त्या तरी काय करणार? एक दिवस शाळेने ‘‘सध्या घरीच ठेवा’’ असं सांगितलं. ते ‘सध्या’ आठ महिने चाललं. त्या आठ महिन्यांत दादाची झोप गेली, तो केस उपटू लागला आणि आईने पतसंस्थेतली नोकरी सोडली.

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. त्यात ऑटिझमला जेमतेम अर्धं पान. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन केलं, एवढं आठवत होतं. पुढे कित्येक वर्षं तिकडे या मुलांचा दोष आईच्या माथी मारला गेला. आईची माया थंड, म्हणून मूल असं, असं म्हणायचे. तो समज शास्त्राने कधीच निकालात काढला. मेंदूची घडणच वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता ठाऊक आहे. पण माझ्या बसमधल्या वाक्यात दुसरं काय होतं? फक्त माया थंड नसून जास्त झाली, एवढाच काय तो फरक!

शाळेत मला सगळ्यात आधी भिंतीवरचं वेळापत्रक दिसलं. प्रत्येक मुलाची वेगळी पट्टी, त्यावर चित्रं चिकटवलेली. चप्पल, प्रार्थना, मणी, डबा, झोपाळा, बस. काम झालं की मुलाने चित्र काढून खालच्या खोक्यात टाकायचं. शब्द हवेत विरतात, चित्र जागेवर राहतं, असं आमच्या मोठ्या ताई म्हणतात. पुढे काय होणार हे दिसत असलं की अर्धी भीती कमी होते. वर्गात आठ मुलं, दोन शिक्षिका. मागे एक छोटी खोली आहे. तिथे मऊ गादी, पडदे आणि कमी उजेड. मला वाटलं, शिक्षेची असेल. तर नाही, मूल स्वतःहून तिथे जाऊन बसतं आणि सावरलं की परत येतं. ‘‘हट्ट करणारं मूल मधेच बघतं, आपल्याकडे लक्ष आहे का. याचा तोल जातो तेव्हा त्याला बघणारे कुणी नकोच असतात,’’ ताईंनी मला समजावलं.

आणि मला एक वही दिली. तीन रकाने. आधी काय घडलं, मग त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. ‘‘जे दिसलं तेच लिहायचं. ‘चिडला’, ‘उगाच त्रास दिला’ असं लिहायचं नाही.’’ हे वाटतं तितकं सोपं नाही हो! माझी पहिली चार पानं ताईंनी परत दिली.

दादा अधूनमधून सकाळीच मनगटाला कडकडून चावायचा, रक्त निघेपर्यंत. वहीत तारखा पाहिल्या तर बहुतेक गुरुवार. पण सगळे गुरुवार नाहीत. त्या दिवशी संगीताचा तास असतो म्हणून तो दोनदा बंद ठेवला, उपयोग झाला नाही. घरी उपासाची खिचडी असते का, इथपर्यंत चौकशी केली. शेवटी फरशी पुसता पुसता शाळेच्या मावशी म्हणाल्या, ‘‘अवो, लाईट गेली की होतंय ते.’’

पुणेकरांना सांगायला नको, दुरुस्तीसाठी आपल्याकडे वीज बहुधा गुरुवारीच बंद ठेवतात. वीज गेली की शेजारच्या ऑफिसातला कॉम्प्युटरचा यूपीएस टूं-टूं करायला लागायचा. कुणीतरी जाऊन बंद करेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. मी त्याच वर्गात बसलेली असायचे आणि मला तो आवाज ऐकू आल्याचं आठवतसुद्धा नाही. आपला मेंदू असे आवाज बाजूला सारतो, दादाला ते जमत नाही. त्याच्या कानात तो खिळ्यासारखा शिरत असणार, आणि ते सांगायला शब्द नाहीत. दात होते.

मग यूपीएस दूरच्या खोलीत गेला. दादाच्या पट्टीवर फुली मारलेल्या पंख्याचं चित्र आलं. वीज गेली की ते लावायचं, कानांवर जाड हेडफोन चढवायचे आणि मागच्या खोलीत जायचं. हे शिकायला पाच महिने लागले.

या वयातला दुसरा प्रश्न आया आपसातच कुजबुजतात. उंचापुरा मुलगा, पण सार्वजनिक ठिकाणी त्याला कुठल्या बाथरूममध्ये न्यायचं? लहानपणी भेटेल त्याला मिठी मारायचा तेव्हा कौतुक झालं. आता तेच केलं तर मार खाईल. शाळेत हे सगळं चित्रांनी, न लाजता शिकवतात. मिठी कुणाला, नमस्कार कुणाला, दार कधी लावायचं. माझ्या मते गणिताआधी हे हवं.

सगळ्या मुलांनी एकत्र शिकावं, हे मलाही पटतं. जिथे मदतनीस शिक्षक आणि समजूतदार वर्ग मिळतो तिथे ही मुलं साध्या शाळेत छान रमतात. काही जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून पाच वर्षांत एकेक विषय सोडवत दहावी होतात. पण विशेष शाळेत घातलं म्हणजे आईने हात टेकले, असं नातेवाईक बोलतात ना, ते ऐकून माझं डोकं फिरतं.

कागदपत्रांचं मात्र प्रत्येक आईने वेळेत बघावं. १९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच. दादाला लहानपणी ‘मतिमंद’ असा दाखला मिळाला होता. २०१६च्या कायद्याने स्वमग्नता वेगळी नोंदवली, तेव्हा दाखला बदलून घेतला. याच कायद्यात सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शेजारच्या शाळेत किंवा हव्या त्या विशेष शाळेत. अठरा झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो.

दादाला जूनमध्ये अठरा पूर्ण होतील. आमची शाळा तिथे संपते. ‘‘ताई, परत ते आठ महिने नकोत हो,’’ त्याची आई मला म्हणाली. शहरात एक कार्यशाळा आहे. कागदी पिशव्या, पणत्या, मसाल्यांचं पॅकिंग. जागा थोड्या, वाट बघणारे बरेच. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी बसनेच ती बघायला गेलो. तिने फाटकाचा, टेबलाचा, नळाचा, संडासाच्या दाराचा फोटो काढला, दादाच्या पट्टीवर लावायला. दादाचं नाव यादीत सातवं आहे.

निघताना मी त्यांच्या ऑफिसात डोकावून आले. यूपीएस कुठे ठेवलाय ते बघायला.