नदीवरचा पंप निवडताना आधी हेड मोजा, मग एचपी ठरवा

बिरवाडी परिसरात भात निघाला की काळ नदीच्या काठाने वाल, कलिंगड, काकडी, भेंडी अशी पिके उभी राहतात. पावसाळ्यात ३००० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या या भागात जानेवारीनंतर मात्र सगळी भिस्त नदीतून उचललेल्या पाण्यावर असते. मार्चमध्ये कलिंगड फुगवणीला आलेले असताना मोटर जळली, तर रिवाइंडिंग होऊन येईपर्यंत चार-पाच दिवस जातात. तेवढ्यात वेल माना टाकतात.

अशाच एका शेतावर मी गेलो होतो. ५ एचपीचा नवा पंप, आणि एका हंगामात मोटर दुसऱ्यांदा जळलेली. दोष विजेच्या दाबाला दिला गेला होता. कमी दाबाने मोटर जळते हे खरे, पण तिथे दाब ठीक होता. पंपाच्या नेमप्लेटवर हेडचा पल्ला २८ ते ४२ मीटर होता आणि शेत नदीपासून जेमतेम ८ मीटर उंच. पाइपमधील घर्षण धरूनही एकूण हेड १२ मीटरच्या आसपास भरत होते. "जास्त हेडचा घेतला म्हणजे कधी कमी पडणार नाही," असे शेतकऱ्याला वाटले होते.

इथेच गफलत होते. सेंट्रिफ्युगल पंपाला त्याच्या हेडपेक्षा फार कमी उंचीवर चालवले, तर तो हलका चालत नाही. समोर अडथळा नसल्याने तो भरमसाट पाणी फेकतो, आणि जितके पाणी जास्त तितका मोटरवर भार जास्त. अँपियर वाढतात, वाइंडिंग तापते. खाडीत होड्या चालवणाऱ्यांना ही गोष्ट वेगळ्या रूपात माहीत असते. इंजिनाच्या मानाने होडीचा पंखा मोठा बसवला, तर इंजिन पूर्ण फेरे घेत नाही आणि काळा धूर सोडते. लहान बसवला, तर इंजिन नुसतेच भरारते, होडी पुढे सरकत नाही. पंपाचा इम्पेलरही पंखाच आहे. तो मोटरला आणि कामाला, दोन्हींना जुळावा लागतो.

किती पाणी, किती उंच?

उन्हाळ्यात दिवसाला ५ मिमी पाणी धरले, तर एका एकराला सुमारे २०,००० लिटर लागते. सेकंदाला ५ लिटर देणारा पंप तासाला १८,००० लिटर देतो. म्हणजे चार एकराला साधारण साडेचार तास. ठिबक असेल तर याहून कमी वेळ पुरतो, पण ठिबकला लागणारा दाब हेडमध्ये मिळवावा लागतो.

उंची मोजताना नदीची पातळी एप्रिल-मेची धरा. डिसेंबरात काठोकाठ दिसणारे पाणी उन्हाळ्यात बरेच खाली जाते. पाण्यापासून शेतातील सर्वांत उंच जागेपर्यंतची उभी उंची घ्या आणि तिच्यात पाइपमधील घर्षण मिळवा. घर्षणाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि खरा पैसा तिथेच जातो. सेकंदाला ५ लिटर पाणी नेताना दर १०० मीटर लांबीला ६३ मिमी पाइपमध्ये साधारण ७ मीटर, ७५ मिमीमध्ये ३ मीटर आणि ९० मिमीमध्ये सव्वा मीटर हेड खर्च होते.

समजा उभी उंची १५ मीटर आहे, पाइप ३०० मीटर आहे आणि फूट व्हॉल्व्ह, बेंड यांचे २ मीटर धरले. एकूण हेड ६३ मिमी पाइपला ३८ मीटर, ७५ मिमीला २६ आणि ९० मिमीला २१ मीटर येते. आता सेकंदाचे लिटर गुणिले हेड, भागिले ७५, आणि पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरून आलेल्या उत्तराची दुप्पट करा. उत्तरे येतात अनुक्रमे ५.१, ३.५ आणि २.८ एचपी. म्हणजे त्याच शेताला, तेवढ्याच पाण्यासाठी, जाड पाइप टाकला तर ३ एचपीत भागते आणि बारीक टाकला तर ५ एचपीही अपुरा पडतो. पाइप एकदाच घ्यायचा असतो, विजेचे बिल दर वेळी येते.

दुकानात मग एचपी नाही, तर हेड आणि लिटर सांगा. तुमचे हेड नेमप्लेटवरील पल्ल्याच्या मध्याजवळ आले पाहिजे. आयएसआय चिन्ह आणि जास्त स्टार असलेला पंप घ्या.

सक्शन बाजू

हवेच्या दाबामुळे पाणी तत्त्वतः १०.३ मीटरपर्यंत वर ओढता येते, प्रत्यक्षात ६ मीटरच्या पुढे जाऊ नये. पंप पाण्याच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा आणि सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा घ्या. पंपात खडे खुळखुळल्यासारखा आवाज आला, तर सक्शन जास्त होत आहे असे समजा. असा पंप चालवत राहिलात, तर इम्पेलरला खड्डे पडतात.

डिझेल इंजिनावर पट्ट्याने पंप चालवणाऱ्यांनी पुली बदलताना जपावे. फेरे १० टक्के वाढवले तर पाणी १० टक्के वाढते, हेड २१ टक्के, पण इंजिनावरील भार ३३ टक्के वाढतो.

चुकीचा पंप आधीच घेतला असेल तर

त्या शेतावर आम्ही डिलिव्हरीला गेट व्हॉल्व्ह बसवला. क्लॅम्प मीटर वायरला लावून व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत गेलो आणि अँपियर नेमप्लेटवरील आकड्याच्या खाली येताच थांबलो. पाणी थोडे कमी झाले, पण मोटर वाचली आणि कलिंगड निघाले. हा तात्पुरता उपाय आहे, कारण व्हॉल्व्हवर अडवलेल्या दाबाची वीज वाया जाते. चांगल्या वर्कशॉपमध्ये इम्पेलरचा व्यास लेथवर थोडा कमी करून घेता येतो, पण कापलेला इम्पेलर पुन्हा वाढत नाही. म्हणून आधी कंपनीचा तक्ता पाहा. त्या शेतकऱ्याने पुढच्या हंगामात तो पंप वरच्या वाडीतल्या भावाला दिला, तिथे ३० मीटर चढ आहे. स्वतःसाठी ३ एचपीचा कमी हेडचा घेतला. मे संपण्याआधी तो काठावरून उचलून घरी आणतो, कारण जुलैमध्ये काळ नदी कुठपर्यंत येते हे बिरवाडीत कोणाला सांगावे लागत नाही.