तळहाताची परीक्षा

यकृताची कड बोटांनी चाचपावयास आमच्या गुरुजनांनी शिकविले, तेव्हा डोळे मिटून तपासा असे ते आवर्जून सांगत. पुढे बेटम्यात रुग्णसेवेची तीस वर्षे सरली आणि नकळत क्रम उलटला. सोनोग्राफीचा अहवाल आधी येऊ लागला, हात नंतर. कधी कधी तर हाताची पाळीच येईना. निवृत्तीनंतर माझा हात पुन्हा शाळेत गेला. गुरू मात्र अनपेक्षित भेटला: ॲल्युमिनियमचा पत्रा.

निमित्त साधेच होते. ओसरीवरील जुन्या मोटरसायकलीचे आसनामागील आवरण गंजून गेले होते आणि तसा भाग बाजारात मिळेना. जवळच्या पीथमपुरात 1980 च्या दशकात कायनेटिक होंडा स्कूटर तयार होऊ लागली, तेव्हापासून वाहने हा आपल्या परिसराच्या ओळखीचाच भाग आहे. कारखान्यात दाबयंत्र आणि पोलादी साचा यांच्या साहाय्याने पत्र्याला क्षणात आकार मिळतो. परंतु असा साचा हजारो नगांसाठीच परवडतो. एकच नग हवा असेल, तर हातोडा आणि धीर यांना पर्याय नाही.

इंदूरकरांना ही परंपरा परकी नाही. महाराजा यशवंतराव होळकर द्वितीय यांच्या अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटारीची बॉडी 1936 च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर पेढीने खास त्यांच्यासाठी घडविली. तळाचा सांगाडा एका कंपनीचा आणि बॉडी दुसऱ्या कारागिरांची, अशी तेव्हाची रीत होती. 1950 च्या दशकात शर्यतीच्या मोटरसायकलींनाही पुढचे चाक झाकणारी, हाताने ठोकलेली ॲल्युमिनियमची आवरणे असत. वेग वाढे, पण आडव्या वाऱ्यात गाडी आवरेना; म्हणून 1958 च्या हंगामापासून त्यांवर बंदी आली.

घरी करावयाची पद्धत अशी. प्रथम पुठ्ठ्याचे नमुने कापून आकार ठरवावा व त्याबरहुकूम लाकडी साचा करावा. हा साचा ठोकण्यासाठी नसून पत्रा पुनःपुन्हा लावून पाहण्यासाठी असतो. मी दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, शुद्ध ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला. याचे वजन तेवढ्याच पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश भरते. पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकला की मधला भाग ताणला जाऊन खोलगट होतो. कडेला मात्र जादा धातू चुण्या पाडतो. त्या चुण्या हलक्या ठोक्यांनी आतल्या आत जिरवाव्या लागतात. एकीकडे ताणणे, दुसरीकडे आकसविणे, एवढेच या विद्येचे सार आहे. शेवटी पत्र्याखाली घडीव ठोकळा धरून वरून सपाट हातोड्याने पृष्ठभाग एकसारखा करावयाचा.

ठोके बसतील तसतसा पत्रा कडक होत जातो, कारण त्याच्या स्फटिकरचनेतील दोष वाढून एकमेकांची वाट अडवू लागतात. पुढे ठोकत राहिले तर तो चिरतो. म्हणून मधून मधून त्यास तापवून मऊ करावे लागते. येथेच मी फसलो. लोखंडाप्रमाणे हाही लाल होईल, या समजुतीने ज्योत धरून बसलो. आणि रंग न बदलताच पत्र्याला बोटभर भोक पडले. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण तोवर उजेडात लाली दिसत नाही. जाणकार कारागीर पत्र्यावर कपड्यांचा साबण चोळतात. साबण काळपट तपकिरी झाला की ज्योत काढून घेतात. रोगी बोलत नसेल तर लक्षण पाहावे, तसाच हा प्रकार!

कडक होण्याचा हाच गुण पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीने पिढ्यानपिढ्या वापरला आहे. तांब्याच्या भांड्यावर दिसणारे मठारकामाचे ठसे केवळ शोभेचे नसतात. त्या ठोक्यांनीच पातळ भांड्याला बळकटी येते.

खरी परीक्षा शेवटी होते. माझ्या डोळ्यांनी आवरण पहिल्याच आठवड्यात उत्तीर्ण केले होते. गावातील एका वयस्क डेन्टरने सुती हातमोजा चढविला, तळहात सावकाश फिरविला आणि खडूने नऊ ठिकाणी खुणा केल्या. उघडा हात धातूला अडखळतो. पातळ कापड मध्ये असले की तो घसरतो आणि केसाएवढा उंचवटाही जाणवतो. स्तनतपासणीत साबणाच्या पाण्याने हात निसरडा केला असता गाठ अधिक चांगली कळते, हे आपण जाणतोच. खुणांवर कानस फिरविली, तेव्हा फक्त उंचवटेच चकाकले. नऊपैकी आठ निदाने अचूक ठरली! दोन भाग आर्गन वेल्डिंगने जोडून काम पूर्ण होण्यास चार महिने लागले.

ज्यांना हा छंद लागेल, त्यांना वैद्यकीय सल्ला देणे माझे कर्तव्य आहे. आठ तासांसाठी 85 डेसिबल ही ध्वनीची मान्य मर्यादा होय आणि हातोडा ती सहज ओलांडतो; तेव्हा कानांत बोळे हवेतच. कानशीची बारीक पूड फुफ्फुसांना अपायकारक व ज्वालाग्राही असते. पेट्रोलची वापरलेली टाकी घरी कदापि तापवू नये, कारण रिकाम्या टाकीतील वाफेचाही स्फोट होतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातील फेरबदलांवर निर्बंध घालते; म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

आवरण आज गाडीवर आहे. एके ठिकाणी किंचित पोचा राहिला आहे. तो इतरांना दिसत नाही, माझ्या हाताला मात्र रोज लागतो. गेल्या आरोग्य शिबिरात एका वृद्धेचे अहवाल बाजूला ठेवून मी प्रथम तिच्या पोटावर हात ठेवला. पुष्कळ दिवसांनी कुणी हात लावून पाहिले, असे ती म्हणाली. डॉक्टर मित्रहो, यंत्रे अवश्य वापरावीत. परंतु हाताची विद्या न वापरल्यास विसरते आणि पुन्हा शिकावयास बसले तर परतही येते, एवढे त्या पत्र्याने मला शिकविले.