उशिरा पिकणारे फळ : बचावपटूची पहिली दहा वर्षे

नागपूरमार्गे जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग सुमारे १,९६८ किलोमीटर लांबीचा आहे आणि गोंदिया जंक्शन जवळपास त्याच्या मध्यावर येते. मुंबई आणि कोलकाता या भारतीय फुटबॉलच्या दोन जुन्या राजधान्या. त्या दोन्हींपासून गोंदिया सारख्याच अंतरावर आहे. म्हणजेच दोन्हींपासून सारखेच दूर आहे. ज्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग घडवला, तिच्याच नावाचा ‘बी. एन. आर.’ हा संघ पुढे कोलकात्याच्या मैदानावर गाजला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील बचावपटू अरुण घोष हेही या संघाकडून खेळले. रेल्वेच्या नावाने फुटबॉल कोलकात्यात रुजला. विदर्भाच्या वाट्याला मात्र देशातील सर्वोच्च श्रेणीत खेळणारा एकही व्यावसायिक क्लब आजवर आलेला नाही.

अशा परिस्थितीत गोंदिया, तिरोडा किंवा आमगावच्या एखाद्या मुलाने व्यावसायिक बचावपटू होण्याचे ठरवले, तर त्याची पहिली दहा वर्षे कशी असतील? आघाडीपटूची कीर्ती गोलांच्या आकड्यांत मोजता येते. बचावपटूची कारकीर्द मात्र फारच थोड्यांना उलगडून सांगता येते. म्हणूनच ती समजून घेणे अगत्याचे आहे.

उशीर का लागतो?

वेगवान आघाडीपटू अठराव्या वर्षीही सामना फिरवू शकतो. मध्यवर्ती बचावपटूचे तसे नसते. चेंडू कोठे आहे यापेक्षा तो पुढच्या क्षणी कोठे जाईल, आपल्या मागे कोण धावते आहे, शेजारचा सहकारी पुढे सरकला तर मोकळी जागा कोणी भरायची, ऑफसाइडची रेषा केव्हा उचलायची, याचे भान त्याला सतत ठेवावे लागते. हे भान सामने खेळूनच येते. केवळ सरावाने येत नाही. शिवाय त्याच्या चुकीला क्षमा नसते. आघाडीपटूने चार संधी दवडून पाचवी साधली, तर तो नायक ठरतो. बचावपटूने नव्वद मिनिटे चोख खेळून एकदाच पाय घसरू दिला, तर पराभवाचे खापर त्याच्याच माथी फुटते. त्यामुळे प्रशिक्षक तरुण बचावपटूला मैदानात उतरवायला कचरतात. अनेकांना आधी बगलेच्या जागेवर खेळवले जाते आणि जाण आल्यावर मध्यभागी आणले जाते.

राहुल भेकेचे उदाहरण

मुंबईत ६ डिसेंबर १९९० रोजी जन्मलेला राहुल भेके हे याचे ठळक मराठी उदाहरण. मुंबईतील क्लबांमधून घडलेला हा खेळाडू पुढे कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेला. लाखाच्या घरातल्या प्रेक्षकांची सवय असलेल्या त्या शहरात बचावपटूच्या मनाची खरी परीक्षा होते. इंडियन सुपर लीगमध्ये तो २०१५ साली केरळ ब्लास्टर्सकडून आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून खेळला. २०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीत दाखल झाला आणि तेथे त्याला स्थैर्य लाभले. उजव्या बगलेचा बचावपटू, लांब पल्ल्याचा थ्रो-इन करणारा आणि कॉर्नरच्या वेळी प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात धोकादायक ठरणारा खेळाडू, अशी त्याची ओळख झाली.

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना गोव्याविरुद्ध अतिरिक्त वेळेत गेला. कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर भेकेने हेडर मारून सामन्यातला एकमेव गोल केला. त्यानंतर जून महिन्यात थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत त्याला भारताकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना मिळाला. तेव्हा त्याचे वय २८ वर्षांचे होते. ज्या वयात आघाडीपटूंच्या उताराची चर्चा सुरू होते, त्या वयात या बचावपटूला राष्ट्रीय संघाचे दार उघडले.

पुढचा आलेख तर अधिकच बोलका आहे. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. एएफसी चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबचा तो पहिला विजय. पिछाडीवरून बरोबरी साधल्यानंतर निर्णायक गोल भेकेनेच केला. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३-१ ने नमवून मुंबई सिटीने सुपर लीगचा चषक जिंकला, तेव्हा कर्णधारही तोच होता. तोवर तो बगलेवरून मध्यवर्ती बचावात स्थिरावला होता.

पायाखालची वाळू

या प्रवासातील धोका मात्र आकड्यांत दिसत नाही. भेकेच्या पिढीने महाराष्ट्रातील क्लब एकामागून एक मिटताना पाहिले. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाचे आय-लीगमधील पर्व २०१३ मध्ये संपले. पुणे एफसीने २०१५ मध्ये गाशा गुंडाळला, तर २०१७ मध्ये श्रेणी गमावल्यानंतर मुंबई एफसी लयाला गेला. एफसी पुणे सिटीचा खेळ २०१९ मध्ये आटोपला. करार कितीही वर्षांचा असो, क्लबच नाहीसा झाला तर खेळाडूला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या कराराचा तिढा न सुटल्याने सुपर लीगचा नवा हंगामच स्थगित झाला. अशा वेळी प्रस्थापित खेळाडू तग धरतो. विशीतल्या मुलाचे मात्र सामन्यांचे एक मोलाचे वर्ष वाया जाऊ शकते. सामने खेळूनच घडणाऱ्या बचावपटूला हा फटका अधिक बसतो.

दुसरा धोका शरीराचा. पंजाबचा अन्वर अली २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या बचावाचा आधार होता. मुंबई सिटीने त्याला करारबद्ध केले; परंतु २०१९ मध्ये वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयात दोष आढळला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून रोखले आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर त्याला मैदानावर परतता आले आणि मार्च २०२२ मध्ये तो वरिष्ठ राष्ट्रीय संघातून खेळला. खेळाडूची उपजीविका मोठी की त्याचा जीव, या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हते. हृदयतपासणी ही केवळ औपचारिकता नव्हे, एवढे मात्र या प्रकरणाने सर्वांच्या मनावर बिंबवले.

नोंदणीचे महत्त्व

लहान गावांतील क्लब आणि पालक ज्या बाबीकडे सर्वाधिक दुर्लक्ष करतात, ती म्हणजे नोंदणी. खेळाडूच्या बाराव्या वर्षापासूनचे प्रशिक्षण ‘फिफा’च्या नियमांत हिशेबात धरलेले आहे. खेळाडूने आंतरराष्ट्रीय पातळीवर क्लब बदलला आणि त्यासाठी मोबदला दिला गेला, तर त्यातील पाच टक्क्यांपर्यंतची रक्कम त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जाते. मात्र त्या काळात तो त्या क्लबकडे रीतसर नोंदलेला असला पाहिजे. नोंद नसेल, तर मुलाला घडवणाऱ्या मैदानाच्या हाती काहीच लागत नाही. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा असू शकत नाही, हेही पालकांना ठाऊक असावे. जन्मदाखल्यातील हेराफेरीचा मोह तर सर्वस्वी आत्मघातकी. कनिष्ठ गटांत मनगटाच्या हाडांच्या क्ष-किरण तपासणीने वय पडताळले जाते.

गोंदियाहून निघणारी वाट

गोंदियाहून सर्वांत जवळचे मोठे फुटबॉल केंद्र म्हणजे रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरचे नागपूर. तेथील जिल्हा लीग आणि शेजारच्या कामठीची फुटबॉल परंपरा जुनी आहे. विजय बारसे यांनी वस्त्यांतील मुलांसाठी उभारलेली, पुढे ‘झुंड’ चित्रपटामुळे सर्वदूर पोहोचलेली चळवळही नागपूरचीच. दुसरी वाट राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची. कोल्हापूरचा आघाडीपटू अनिकेत जाधव पुण्यातील प्रबोधिनीतूनच पुढे २०१७ च्या विश्वचषक संघापर्यंत पोहोचला. तथापि त्याच्यामागे कोल्हापूरच्या तालमींच्या संघांचे आणि शाहू स्टेडियमवरील गर्दीचे पाठबळ होते. गोंदियाच्या मुलाला ते वातावरण घरापासून दूर जाऊन शोधावे लागते. तिसरी वाट म्हणजे निवासी अकादमी. तेथे जागा मोजक्या आणि निवड चाचण्या महानगरांत.

म्हणूनच बचावपटू होऊ पाहणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी हिशेब निराळा मांडायला हवा. पंधराव्या वर्षी निवड हुकली म्हणजे सारे संपले असे नाही; या जागेवरचा खेळाडू उशिराच पिकतो. मात्र तो पिकेपर्यंतची वर्षे कशी काढायची, याची तजवीज आधीच करावी लागते. शिक्षण अर्धवट सोडू नये. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण आणि रेल्वेतील क्रीडा कोटा ध्यानात ठेवावा. मोठ्या क्लबच्या राखीव बाकावर बसण्यापेक्षा लहान क्लबकडून वर्षभर खेळायला मिळत असेल, तर तेच अधिक मोलाचे मानावे. भेकेला राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचायला २८ वर्षे लागली, आणि तो तर मुंबईत जन्मलेला होता. गोंदियाच्या मुलाला त्याहून लांबचा पल्ला गाठायचा आहे. तेवढा काळ त्याला धीर देणारे घर, शाळा आणि मैदान लाभते का, यावरच सारे अवलंबून राहील.