गाभण घोडी असेल तर बाजारातलं जनावर लांब बांधा

आपल्या शिरूर अनंतपाळ भागात घोड्या मोजक्याच, पण ज्यांच्याकडं आहेत त्यांची लग्नसराईची कमाई त्यांच्यावरच असते. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांची खरेदी-विक्री होते. घरी गाभण घोडी असणाऱ्यांनी त्याआधी हे वाचून घ्या.

घोड्यांत हर्पीस (ईएचव्ही-१) नावाचा विषाणू असतो. शिंगराला त्यानं ताप येतो, नाक वाहतं. मोठं जनावर कित्येकदा आजारी दिसतही नाही. पण गाभण घोडीत तो गर्भापर्यंत जातो. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि या रोगात गाभडते ती बहुतेक सातव्या महिन्यानंतर. रात्री नीट चारा खाल्लेली घोडी सकाळी गाभडलेली दिसते, आधी काही कळतच नाही.

"बाजार होऊन दोन महिने झाले, त्याचा काय संबंध?" असं लोक म्हणतात. संबंध असतो. लागण झाल्यावर पंधरा दिवसांनी, नाहीतर काही महिन्यांनीही गर्भ पडतो. शिवाय एकदा शिरलेला विषाणू अंगात दबून राहतो. लांबचा टेम्पो प्रवास, वरातीची दगदग झाली की पुन्हा उठतो. म्हणून शेवटच्या महिन्यांत घोडी वरातीला नेऊ नका, सुपारी घेतली असली तरी.

नवीन आणलेलं किंवा यात्रेहून परतलेलं जनावर २१ ते २८ दिवस वेगळं बांधा. बादली, मोरकी, खरारा वेगळा. आधी गाभण घोडीचं करा, मग नव्याचं. ताप १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला तर डॉक्टरांना दाखवा.

घोडी गाभडलीच तर पडलेला गर्भ आणि वार ओढ्यात टाकू नका, कुत्र्यांना मिळू देऊ नका. सगळ्यात जास्त विषाणू त्यातच असतो. दुसऱ्या घोड्या जवळ येऊ देऊ नका. १९६२ वर फोन करा, डॉक्टरांनी नमुना घेतल्यावरच चुना टाकून खोल पुरा. हातमोजे घालाच. हा विषाणू माणसाला होत नाही, पण गर्भ पाडणारे दुसरे काही जंतू होतात, आणि नुसतं बघून फरक कळत नाही.

हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं यावर देशी विषाणूपासून लस तयार केली आहे. गाभणपणाच्या पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात ती देतात. लस शंभर टक्के हमी नाही, वेगळं बांधणं चुकत नाही. ती गावात ऐनवेळी मिळेलच असं नाही, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात चौथ्या महिन्यातच विचारून ठेवा. कोणाची घोडी पाचव्यात येतेय ते आपल्या गटप्रतिनिधीला कळवा, एकत्र मागणी करू.