कानांनी वाचायच्या मूर्ती

टकलासारखं फुगलेलं उंचच उंच कपाळ, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, एका हातात गाठीगाठीची काठी आणि दुसऱ्यात गुलाबी पीच. हा शौ, दीर्घायुष्याचा देव. त्याच्या शेजारी अधिकाऱ्याची टोपी घातलेला लू, म्हणजे सरकारी हुद्दा आणि त्याचं वेतन. तिसरा फू, सुख-सौभाग्याचा; त्याच्या कडेवर बऱ्याचदा मूल असतं. चिनी मातीची, मिन्याच्या झळझळीत रंगांची ही त्रयी कितीतरी चिनी घरांत मांडलेली दिसते.

मोदक दिसला की गणपती, कमरेवर हात दिसले की विठोबा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चिनी मूर्ती ओळखायला मात्र डोळ्यांच्या जोडीला कानही लागतात. फूच्या झग्यावर वटवाघळं का, असा प्रश्न मराठी माणसाला पडणारच. आपण तर त्यांना अशुभ मानतो. पण चिनी भाषेत वटवाघूळही 'फू' आणि सौभाग्यही 'फू'. हरीण 'लू', वेतनही 'लू'. म्हणून लूच्या पायाशी हरीण. तांबडं वटवाघूळ रंगवलं की अशाच उच्चारसाम्यातून अपार सौभाग्य असा अर्थ निघतो. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची ओढ आणि शेवटी शांतपणे आलेलं मरण. या यादीत मरणालाही जागा आहे, हे फार सुंदर आहे.

पीचचा उलगडा कथेत आहे. पश्चिमेच्या राणीमातेच्या बागेतलं हे फळ तीन हजार वर्षांनी पिकतं आणि खाणाऱ्याला अमर करतं.

अशा मूर्तींचं माहेर म्हणजे चीनमधलं जिंगदेझेन शहर. साच्यातून काढलेले भाग जोडून मूर्ती सुमारे 1300 अंशांवर भाजायची, मग काचेच्या भुकटीत धातू मिसळून केलेले रंग लावून पुन्हा 800 अंशांच्या आसपास. तांब्याचा हिरवा, लोखंडाचा तांबडा, मँगनीजचा जांभळा. कांग्शी सम्राटाच्या काळात (1662-1722) हिरव्याचं राज्य होतं. 1720च्या दशकापासून सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांतून निघणारा गुलाबी रंग पुढे आला. काही मूर्तींच्या हनुवटीवर बारीक भोकं दिसतात. तो भाजताना राहिलेला दोष नव्हे. लाल चेहऱ्याच्या गुआन यूसारख्या देवाला खऱ्या केसांची दाढी बसवण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असत. हा गुआन यू माणूसच होता. 220 साली मारला गेलेला सेनापती, निष्ठेसाठी देवपदाला पोचलेला.

सगळ्यांत माया लावणारी मूर्ती ग्वानयिनची. जिंगदेझेनला राहिलेल्या देंत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने 1712च्या पत्रात तिचा उल्लेख केला आहे: कडेवर मूल घेतलेली देवी, मूल नसलेल्या बायका जिला साकडं घालतात. ही मुळात भारतातला अवलोकितेश्वर. बौद्ध धर्माबरोबर तो चीनला गेला आणि काही शतकांत तिथे स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला.

छत्रपती संभाजीनगरला औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात तो आजही उभा आहे. भोवती आगीत, बुडत्या गलबतात, हत्तीच्या तावडीत सापडलेली माणसं त्याचा धावा करताहेत. अवलोकितेश्वराच्या जटांत अमिताभ बुद्धाची चिमुकली मूर्ती कोरायची आपल्याकडची रीत. पुढे कधी चिनी मातीची ग्वानयिन पाहायला मिळाली, तर तिच्या मुकुटाकडे जरा निरखून पाहा. बऱ्याचदा तोच बुद्ध तिथे बसलेला असतो.