तारेवरचं घरटं

वेळापूरच्या शिवारात सकाळचे आठ वाजलेत. पालखीच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्यात, ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा दणका थेट डाळिंबाच्या बागेपर्यंत येतोय. त्यातूनही एक बारीक, घाईघाईची 'चिवीट-चिवीट' कानात शिरते.

शेंड्यावर जांभळा शिंजीर बसलाय. चोचीसकट जेमतेम 10 सेंटिमीटर. सावलीत नुसता काळा; मान वळवतो, ऊन लागतं, आणि अंगावर निळा-जांभळा रंग चमकून जातो. हा थाट विणीपुरताच. पुढे पिसं झडली की तोही मादीसारखा पिवळट होणार, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा तेवढा उरणार.

आंबे बहार धरलेली 'भगवा'ची झाडं लाल फुलांनी भरलीत. शिंजीर फुलाला उलटा लोंबकळतो, बाकदार चोच आत घालतो, लगेच पुढच्यावर. "नर कळी काय, मादी कळी काय, ह्याला सगळं सारखंच," बागवान मामा म्हणतात. त्यांना मात्र फरक पडतो. बुड फुगीर तीच फळ धरते, बाकीची गळून जातात. वस्तीवरच्या जास्वंदीशी हा पक्षी इतका सरळ वागत नाही. देठापाशी भोक पाडून मध चोरतो. चोरच म्हणायचा, दुसरं काय!

नुसत्या मधावर संसार होत नाही. पंपाच्या खोलीवरून लोंबणाऱ्या तारेला मादीनं घरटं टांगलंय. लांबोडकी पिशवी, वाळलेलं गवत, सालपटं, अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवलेली. दारावर छोटी पडवी. बांधायला ती एकटीच. नर वर बसून गातोय. आता ती खिडकीच्या कोपऱ्यातल्या जाळ्यापुढे फडफडत थांबते, चोचीत धागा गुंडाळते, झटका देऊन तोडते. घरट्याला दोन वेढे. पुन्हा जाळ्याकडे. तिसऱ्या खेपेला जाळ्याचा मालकच चोचीत येतो; क्षणात गट्टम. पिल्लं निघाली की त्यांनाही हेच, कोळी आणि बारीक किडे. तेव्हा नरही खेपा घालतो.

मामा ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतात. कळ्यांवर फुलकिडे आलेत, फवारणी आजच उरकायची आहे. खोलीपाशी येऊन ते तारेकडे बघतात, खिडकीतलं फाटकं जाळं बघतात. "तिकडच्या टोकाकडनं चालू करू," म्हणतात आणि ट्रॅक्टर वळवतात.

मादी पिशवीत शिरते. आतून पोटानं दाबतेय. पिशवी हलते, फुगते. दारातून फक्त चोच दिसते.